एकोणपन्नासावा ठिपका

नरेंद्र अहिरेच्या दोन हातांवर मिळून अठ्ठेचाळीस ठिपके पडले, तेव्हा अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं की कंपनी आपल्याकडे लक्ष देते आहे.

कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीत होती आणि कापडाचे रंग बनवायची. नरेंद्र पॅकिंगला. वरच्या नळीतून निळी भुकटी खाली येते, ती पंचवीस किलोच्या ड्रममध्ये घ्यायची, आतल्या पिशवीचं तोंड बांधायचं, झाकण ठोकायचं, पुढचा ड्रम. आलेली सगळीच भुकटी ड्रममध्ये जात नाही. थोडी हवेत राहते आणि तिथून आपल्या सवडीने कुठेही जाते. तोंडावर बांधायला मास्क होते, नाहीत असं नाही. ते स्टोअरमध्ये होते, आणि त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवले होते. तपासणीला कोणी येणार असलं की ते बाहेर निघत, तपासणी झाली की घडी न मोडता परत जात. एरवी माणसं रुमाल बांधत. रुमाल निळे होत, थुंकी निळी होई, आंघोळीचं पाणी निळं वाहे. विठ्ठलवाडीच्या चाळीत दोरीवरचा नरेंद्रचा बनियन दुरून ओळखू येई.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २००५ साली, त्याला शिंका सुरू झाल्या. मग खोकला. मग छातीत शिट्टी. विठ्ठलवाडी ते अंबरनाथ तो सायकलने जात असे. त्या उन्हाळ्यात त्याने सायकल मेव्हण्याला देऊन टाकली, कारण परतताना दर खांबाला थांबावं लागायचं आणि लोक विचारायचे, पंक्चर का? त्याने अर्ज केला, मला पॅकिंगमधून काढून स्टोअरला घ्यावं. त्या अर्जाचं काय झालं ते कळलं नाही. दुसरा केला. तिसरा केला तेव्हा पर्सोनेलच्या मुकेश साहेबांनी त्याला वर बोलावलं, खुर्ची दिली आणि चहा सांगितला. चहा सांगितला म्हणजे काहीतरी वाईट आहे, हे खरं तर नरेंद्रला तिथेच कळायला हवं होतं.

मुकेश साहेब माणूस गोड. ते म्हणाले, आजार आहे तर मुळापर्यंत गेलं पाहिजे. हवेतल्या, खाण्यातल्या कुठल्या वस्तूची ॲलर्जी आहे ते हल्ली हातावर टोचून कळतं. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये डॉक्टर आहेत, आपली माणसं त्यांच्याकडेच जातात.

"तू घरचा माणूस, नरेंद्र," ते म्हणाले. "एकदा कारण सापडू दे. कारण सापडलं की लगेच ऑर्डर काढतो."

ऑर्डर कसली, ते त्यांनी सांगितलं नाही आणि नरेंद्रने विचारलं नाही.

डॉक्टर पन्नाशीचे, बोलता बोलता हिंदीत जाणारे आणि आठवण झाली की मराठीत परतणारे. त्यांनी नरेंद्रच्या हातांच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब ठेवला आणि थेंबातून सुईचं टोक हळूच टेकवलं. घरातली धूळ, गादीतले किडे, झुरळ, कबुतराचं पीस, गाजरगवत, गव्हाचं पीठ, शेंगदाणा, दूध, अंडं, कोळंबी, वांगं, हरभराडाळ. वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. ज्याचं वावडं असेल तो ठिपका डास चावल्यासारखा फुगतो. नरेंद्र शाळेच्या निकालाकडे बघावं तसा हातांकडे बघत बसला. पाच फुगले: गादी, झुरळ, कोळंबी, वांगं, हरभराडाळ.

रिपोर्ट कंपनीत गेला आणि मुकेश साहेबांनी शब्दाप्रमाणे लगेच ऑर्डर काढली. 'आपला त्रास आपल्या निवासस्थानातील धूळ, झुरळे व आहार यांमुळे असल्याचे निष्पन्न झाले आहे. सबब बदलीची आवश्यकता दिसत नाही. घरी स्वच्छता राखावी.'

हे शेवटचं वाक्य नरेंद्रच्या बायकोने, संध्याने, वाचलं आणि ती दोन दिवस बोलली नाही. खोली दहा बाय अकराची. संध्या ती दिवसातून दोनदा पुसायची. आता कंपनीच्या शिक्क्यासकट तिच्या घरात झुरळ असल्याचं लेखी आलं होतं. तिसऱ्या दिवशी ती बोलली नाहीच, कामाला लागली. कापसाच्या गाद्या गेल्या, चटया आल्या. उशा गेल्या. मोरीच्या कडा सिमेंटने बुजवल्या. वंदनेच्या वेळी लावायची अगरबत्ती यादीत नव्हती तरी बंद झाली, नुसती मेणबत्ती राहिली. बेसन गेलं, म्हणजे पिठलं गेलं, भजी गेली. सर्वांत मोठा घाव पडला तो नरेंद्रच्या आईवर. द्रौपदीबाईंना सुकटीशिवाय भाकरी गिळवत नसे. कोळंबी आणि सुकट बहिणी-बहिणी, असं संध्याने ठरवलं आणि डबा शेजारी दिला. त्यानंतर सत्तरीच्या द्रौपदीबाई भाकरी पदराखाली घेऊन शेजारच्या दारात बसून जेवू लागल्या आणि परत येताना चूळ भरून येऊ लागल्या.

चाळीत ही बातमी पोचल्यावर ज्याने त्याने आपला एकेक ठिपका जोडला. कोणी म्हणालं कबुतरं, कोणी म्हणालं दह्याने होतं, कोणी म्हणालं वालधुनी नदीचा वास. वालधुनी त्या आठवड्यात जांभळी वाहत होती. पण वालधुनी सगळ्यांनाच असते, तिचं कोणी मनावर घेत नाही.

गादी नाही, वांगं नाही, झुरळ नाही, आणि शिट्टी होती तशीच. उलट वाढली. संध्याकाळी नरेंद्र घरी आला की उंबऱ्यावर बसायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायचा आणि आत यायला पाव तास घ्यायचा. त्याची मुलगी मैत्रेयी अकरावीला होती. ती पुस्तक उघडून बसायची आणि एकही ओळ न वाचता बापाचे श्वास मोजायची.

मे महिन्यात कंपनीचा बॉयलर दुरुस्तीला निघाला आणि कारखाना आठ दिवस बंद राहिला. तिसऱ्या दिवशी शिट्टी थांबली. पाचव्या दिवशी नरेंद्र जिना एका दमात चढला आणि वर जाऊन आपण काही विसरलो की काय म्हणून उभा राहिला. सहाव्या दिवशी द्रौपदीबाईंचा धीर सुटला. सून बाजारात गेलेली बघून त्यांनी कोळंबी आणली आणि वांगं घालून रस्सा केला. दोन गुन्हेगार एकाच पातेल्यात. संध्या परत आली तेव्हा नरेंद्रचं दुसरं ताट चाललं होतं. ती समोर बसली. मैत्रेयी बसली. तिघी त्याच्याकडे कुकरकडे बघावं तशा बघत राहिल्या. तो जेवला, पाणी प्याला, घोरत झोपला. काही झालं नाही.

सोमवारी कारखाना सुरू झाला. संध्याकाळी तो उंबऱ्यावर गुडघे धरून बसला होता.

द्रौपदीबाई आतून भांडी आवरत होत्या. त्यांनी नातीला विचारलं, "मैतू, त्या अठ्ठेचाळीस ठिपक्यात तुज्या बापाच्या कंपनीची भुकटी कितव्या लंबरला हाय?"

मैत्रेयीने रिपोर्ट काढला. वरून खाली वाचला, खालून वर वाचला.

"नाहीये, आजी."

"मंग कशाला टोचला त्याला?"

मार्ग सगळ्यांना एकदमच सुचला, आणि तो इतका सरळ होता की त्यात चूक असेल असं कोणाला वाटलं नाही. भुकटी यादीत नाही ना, मग आपण नेऊन देऊ. डॉक्टर एकोणपन्नासावा ठिपका काढतील. फुगला तर फुगला, सगळ्यांना दिसेल. भाजीवालीला वानगीदाखल एक भेंडी मोडून दाखवायला सांगावं, तितकी साधी गोष्ट.

शुक्रवारी नरेंद्रने जेवणाच्या डब्यातली लोणच्याची छोटी डबी पुसून कोरडी केली आणि पाळी सुटताना नळीखाली सांडलेली चिमूटभर भुकटी तिच्यात घेतली. शेजारच्या नळीवर सोमा होता. पाच वर्षं दोघं शेजारशेजारच्या ड्रमवर. सोमाने पाहिलं, भुवया वर केल्या आणि रुमालाच्या आतून विचारलं की घरी कपडे रंगवायचेत का. नरेंद्रने डोळा मारला. गेटवर वॉचमनने डबा उघडून बघितला, पण लोणच्याची डबी उघडली नाही. कोणाच्या लोणच्यात डोकावू नये एवढं त्याला कळत होतं.

शनिवारी संध्याकाळी संध्या त्याच्याबरोबर कॅम्प चारला गेली. कंपनीतल्या एवढ्या माणसांत बायकोला घेऊन आलेला पहिलाच, असं डॉक्टर हसून म्हणाले. नरेंद्रने खिशातून डबी काढली आणि आपलं म्हणणं सांगितलं. डॉक्टरांचं हसू गेलं.

"अरे, ये क्या लाया? असं नाही करत. जे थेंब मी टोचतो ते तयार औषध असतं. असली कच्ची भुकटी अंगात टोचली तर माणूस जागेवर जाईल. वो बंद रखो. उघडू नका."

पण हे ते सांगत होते तेव्हा नरेंद्र डबी दाखवायला उघडतच होता. लोणच्याच्या जुन्या तेलाने झाकण चिकटलं होतं. त्याने जोर लावला. झाकण सुटलं आणि निळा फुसका ढग त्याच्या हनुवटीखाली उठला. एवढासाच. अगरबत्तीचा असतो तेवढा.

पहिली दोन मिनिटं काही नव्हतं. डॉक्टरांनी डबी हिसकावून पिशवीत बांधली आणि खिडकी उघडली. मग नरेंद्र खोकला. मग पुन्हा खोकला, आणि पुढचा श्वास आत जाईना. गळ्याची खळी आत ओढली जाऊ लागली. ओठांना रुमालाला यायचा तसला रंग आला. संध्याने त्याचा शर्ट छातीपासून फाडला, काय करावं ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिने टेबलावरची फाईल घेऊन वारा घालायला सुरुवात केली आणि ती थांबेचना. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, वाफेचं मशीन तोंडाला लावलं, नाडी धरून बसले. मधे एकदा ते संध्याला म्हणाले, वारा बस झाला. तिने ऐकलं नाही. ती फाईल त्याच्याच रिपोर्टची होती.

पाऊण तासाने नरेंद्र बोलू शकला. पहिलं वाक्य तो बोलला ते असं: "फुगला म्हणायचा."

डॉक्टर हसले नाहीत. ते बराच वेळ हात धूत राहिले. मग पाठ फिरवूनच म्हणाले, "तीन वर्षांत तुमच्या कंपनीचे अकरा लोक आले माझ्याकडे. सगळ्यांना मी झुरळ लिहून दिलं. खोटं नव्हतं. या गावात कोणालाही टोचा, झुरळ निघणारच. अंगावर फुगलं म्हणजे त्यानेच दम लागतो असं नसतं, हे मला माहीत आहे. पण मला विचारलं होतं यादीतलं काय आहे ते. मी यादीतलं सांगत गेलो."

मग त्यांनी बसून पत्र लिहिलं. इंग्रजीत, पण स्वच्छ अक्षरात, औषधवाल्यालाच नव्हे तर सर्वांना वाचता यावं असं. दिनांक, वेळ, रुग्णाने कामाच्या जागेवरून आणलेली भुकटी उघडल्यावर पाच मिनिटांत दम्याचा तीव्र झटका आला, माझ्या डोळ्यांदेखत आला, या माणसाने या भुकटीजवळ जाऊ नये.

घरी मैत्रेयीने ते मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं. द्रौपदीबाईंनी कानशिलांवर बोटं मोडली. संध्या रडली. मैत्रेयीने ते पुन्हा एकदा मनात वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"पप्पा, यात तुम्ही कंपनीतून भुकटी आणली असं लिहिलंय."

"आणलीच की."

"डबीतून. गेटमधून. न विचारता."

मग सगळ्यांच्या लक्षात आलं. ज्या कागदाने दम्याचं कारण सिद्ध होत होतं, त्याच कागदाने चोरी सिद्ध होत होती. गेल्या वर्षी एका माणसाला दोन रिकामे ड्रम नेले म्हणून काढलं होतं.

रविवारी नरेंद्र पुन्हा डॉक्टरांकडे गेला आणि म्हणाला की तेवढं 'आणलेली' काढता येईल का. डॉक्टर म्हणाले, काढतो. मग काय राहील ते वाचा. राहिलं ते असं: रुग्णाला माझ्या दवाखान्यात दम लागला. हे वाचून कोणीही म्हटलं असतं, दवाखान्यात झुरळं असतील.

नरेंद्रने ते वाक्य तसंच ठेवलं.

संध्याला ते पटलं नव्हतं. तिने त्याला दोन गोष्टी सांगितल्या. मैत्रेयीची बारावी व्हायची आहे, आणि तुझा श्वासही व्हायचा आहे. मला दोन्ही पाहिजेत, कसं ते तू बघ. त्याने बघितलं, म्हणजे रात्रभर छताकडे बघितलं, आणि सोमवारी पत्र घेऊन वर गेला.

मुकेश साहेबांनी पत्र वाचलं. या वेळी चहा सांगितला नाही. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. पत्र घडी घालून त्यांनी नरेंद्रकडे सरकवलं.

"हे मी पाहिलेलंच नाही," ते म्हणाले. "तू घरी घेऊन जा. इनवर्डला शिक्का पडला की मला चार्जशीट द्यावीच लागेल. वरून विचारतात रे. तू पत्र दिलं नाहीस, मी काही विचारलं नाही. उद्या ये कामावर."

"कुठे, साहेब?"

"कुठे म्हणजे?"

"कामावर कुठे? पॅकिंगला?"

मुकेश साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पॅकिंगचं छप्पर दिसत होतं. छप्पर मूळ कुठल्या रंगाचं होतं ते आता कोणाला आठवत नसे.

नरेंद्र खाली गेला आणि इनवर्डच्या खिडकीत पत्र देऊन त्याने आपल्या झेरॉक्सवर शिक्का घेतला.

चार्जशीट दुसऱ्याच दिवशी आली. कंपनीच्या मालाची अंदाजे दोन ग्रॅम इतकी अनधिकृत वाहतूक. सोबत निलंबनाची ऑर्डर, तिच्यात लिहिलेलं की चौकशी पूर्ण होईपर्यंत सदर कामगाराने कारखान्याच्या आवारात प्रवेश करू नये. जे तीन अर्जांनी आणि एका डॉक्टरने मागून मिळालं नव्हतं, ते शिक्षा म्हणून मिळालं. नरेंद्र घरी बसला आणि श्वास घेऊ लागला. संध्या आता पोळ्या करायला शहाडला जाऊ लागली. चार दिवसांत शिट्टी गेली, पंधरा दिवसांत त्याचं वजन वाढलं. चाळीतले लोक त्याची नोकरी जाणार म्हणून दुःख करायला येत आणि त्याची तब्येत बघून गोंधळून जात.

चौकशी जूनच्या अखेरीला, वरच्या मजल्यावर, बंद खोलीत. चौकशी अधिकारी म्हणून बाहेरचे एक वकील, लिहून घ्यायला एक कारकून, मुकेश साहेब, आणि साक्षीदार म्हणून सोमा. सोमा दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. नरेंद्रकडे बघत नव्हता. आदल्या संध्याकाळी तो विठ्ठलवाडीला येऊन गेला होता. मला बोलावलंय, काय करू, असं विचारून चहा न घेता निघाला होता. नरेंद्र त्याला म्हणाला होता, बघितलंस ते सांग, माझ्यासाठी खोटं बोलून तुझी भाकरी घालवू नकोस.

सोमाला काही विचारायची वेळ आलीच नाही. वकिलांनी नरेंद्रला विचारलं की अमुक तारखेला तुम्ही भुकटी बाहेर नेली हे खरं का. नरेंद्र म्हणाला, खरं. वकिलांनी तासाभराची तयारी केली होती. ते जरा नाराज झाले. कारकुनाने लिहिलं, 'आरोप मान्य.' कागद सहीसाठी सरकवला.

नरेंद्रने कागद वाचला.

"साहेब, का नेली ते नाही लिहिलं."

वकील म्हणाले, कारण हा आरोपाचा भाग नाही. नेली की नाही, एवढाच प्रश्न.

"मग मी सही नाही करत."

"मान्य आहे म्हणालात ना?"

"मान्य आहेच. नेली. पण घरी कपडे रंगवायला नेली की डॉक्टरला दाखवायला, ते लिहा. नाहीतर मी चोर आहे एवढंच राहील."

वकिलांनी मुकेश साहेबांकडे पाहिलं. मुकेश साहेब टेबलाच्या कडेकडे पाहत होते. त्यांनी सांगितलं की लिहू नये. वकील म्हणाले, न लिहून कसं चालेल, सहीशिवाय कबुली ग्राह्य नाही, आणि मला चारला कल्याणला पोचायचंय. दोघं इंग्रजीत थोडं भांडले. नरेंद्र हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. त्या खोलीतही खिडकीच्या फटीतून बारीक निळं काही येत होतं आणि त्याच्या घशात खवखव सुरू झाली होती. उठून जावं, असं त्याला दोनदा वाटलं. तो बसला.

अखेर वकील कारकुनाला म्हणाले, लिहा. कारकुनाने पेन झटकलं.

"काय लिहू?"

नरेंद्रने खोकला आवरला आणि सावकाश सांगितलं. कारकुनाने त्याचं मराठी थोडं सरकारी करून उतरवलं: 'सदर भुकटीमुळे मला कामावर दम लागतो, ते डॉक्टरांस दाखविण्यासाठी मी ती नेली.'

नरेंद्रने सही केली, खाली वकिलांनी केली. आता काय होणार हे त्याला माहीत होतं, चाळीलाही माहीत होतं. पोस्टमन यायचा तेवढा उरला होता. पण सहा महिन्यांपूर्वी ज्या कंपनीने त्याच्या घरातल्या झुरळावर शिक्का मारला, तिच्या फाइलीत आता भुकटी आणि त्याचा दम एकाच वाक्यात होते आणि खाली तिनेच नेमलेल्या वकिलाची सही होती. ते वाक्य काढायला कंपनीला आता त्याची कबुलीही काढून टाकावी लागली असती.

साक्षीदार हजर होता म्हणून त्याचीही सही लागत होती. कागद सोमाकडे गेला. वकील घड्याळ बघत म्हणाले, इथे, खाली. सोमाने पेन हातात घेतलं. मग ते खाली ठेवलं, कागद दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांजवळ नेला आणि ते वाक्य वाचलं. ओठ हलवत वाचलं. वकील पुन्हा म्हणाले, इथे. सोमाने निळा रुमाल तोंडावर धरून खोकला आवरला आणि वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.